चालकाच्या हाती स्टिअरिंग, मालकाच्या हाती वेळ : व्यावसायिक वाहनांच्या सुरक्षिततेचा आढावा

भारतात २०२२ या एका वर्षात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसांचा जीव गेला, असे केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाचा वार्षिक अहवाल सांगतो. देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा जेमतेम दोन टक्के असला तरी मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू याच महामार्गांवर झाले; आणि ट्रक, कंटेनर, टँकर, खासगी आराम बस अशा व्यावसायिक वाहनांची सर्वाधिक वर्दळ असते तीही याच रस्त्यांवर. मृतांमध्ये दुचाकीस्वारांचे प्रमाण ४४ टक्क्यांहून अधिक आणि पादचाऱ्यांचे जवळजवळ एक पंचमांश होते, हे लक्षात घेतले म्हणजे अवजड वाहनाच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्या वाहनात बसलेल्यांपुरता राहत नाही. त्या वाहनाशेजारून सायकल, दुचाकी किंवा पायी जाणाऱ्या प्रत्येकाचा तो प्रश्न होतो.

एका मालकाच्या, कंपनीच्या किंवा संस्थेच्या ताब्यात असलेल्या आणि एका व्यवस्थेखाली चालणाऱ्या व्यावसायिक वाहनांच्या समूहाला ताफा म्हणतात. राज्य परिवहन महामंडळाच्या हजारो बसगाड्या हा जसा ताफा आहे, तसाच चाकण किंवा गोकुळ शिरगाव येथील एखाद्या ट्रान्सपोर्टरच्या चार ट्रकचाही ताफाच असतो. सुरक्षित वाहनचालनाविषयी जे लिहिले-बोलले जाते ते बहुतांशी चालकाला उद्देशून असते : वेग आवरा, झोप आली तर थांबा, मोबाइलवर बोलू नका, दारू पिऊन गाडीवर बसू नका. या सूचना योग्यच आहेत. परंतु त्या पाळण्याची मोकळीक चालकाला आहे, असे त्यांत गृहीत धरलेले असते. किती वाजता निघायचे, किती वाजता पोहोचायचे, किती टन माल न्यायचा, डिझेल किती मिळणार आणि उशीर झाल्यास भाड्यातून किती कापले जाणार, हे सारे चालक आपल्या जागेवर बसण्यापूर्वीच दुसऱ्या कोणीतरी ठरवलेले असते. म्हणूनच व्यावसायिक वाहनांच्या बाबतीत सुरक्षिततेचा विचार चालकापासून सुरू न करता त्याचे वेळापत्रक, मोबदला आणि माल ठरवणाऱ्यांपासून करावा लागतो, आणि या आढाव्याचा रोखही तोच आहे.

आधी वेगाचा मुद्दा. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. धोका दिसणे आणि पाय ब्रेकवर जाणे यांत दीड सेकंद गेला तर तेवढ्यातच ३३ मीटर मागे पडतात, आणि कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकनिशी, गाडी पूर्ण थांबायला आणखी ५० मीटर लागतात. म्हणजे एकूण अंतर ८० मीटरच्या पुढे जाते. तोच वेग ६० असेल तर हे अंतर सुमारे ५३ मीटरवर येते. वेग वाढतो त्याच्या वर्गाच्या प्रमाणात गतिज ऊर्जा वाढत असल्यामुळे थोडासा जादा वेगही प्राणघातक ठरतो. सरासरी वेगात एक टक्का वाढ झाली तर प्राणघातक अपघातांचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना मानते. वीस-पंचवीस टन वजनाच्या वाहनाच्या बाबतीत हे गणित अधिकच निर्दय आहे.

तथापि मंत्रालयाच्या अहवालातील ‘अतिवेग’ या सदराकडे सावधपणे पाहायला हवे. २०२२ मधील सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खाती मांडलेले आहेत, आणि त्यावरून चालक बेफिकीर असतात असा निष्कर्ष सहज काढला जातो. परंतु वाहतूक नियमांच्या उल्लंघनानुसार केलेल्या या वर्गवारीत अतिवेग, विरुद्ध दिशेने वाहन चालवणे, मद्यप्राशन, मोबाइलचा वापर, लाल सिग्नल तोडणे आणि ‘इतर’ एवढीच सदरे आहेत. थकवा किंवा झोप असे सदरच तेथे नाही. जे मोजायला रकाना नाही ते आकडेवारीत दिसत नाही, आणि जे आकडेवारीत दिसत नाही त्यावर धोरण आखले जात नाही. पहाटे तीन वाजता ब्रेकची खूणही न उमटता पुढच्या ट्रकवर जाऊन आदळलेल्या गाडीची नोंद ‘भरधाव वेगात, हयगयीने’ या ठरावीक शब्दांत होते, तेव्हा तो चालक किती तासांपूर्वी शेवटचा झोपला होता, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

थकव्याविषयीचे शास्त्रीय ज्ञान मात्र पुरेसे स्पष्ट आहे. १९९७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले की सलग १७ तास जाग्या असलेल्या माणसाच्या हाताडोळ्यांच्या मेळात जी घसरण होते ती रक्तातील ०.०५ टक्के अल्कोहोलमुळे होणाऱ्या घसरणीएवढी असते. भारतीय कायद्याने वाहनचालकासाठी ठरवलेली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. पहाटे पाचला उठलेला चालक रात्री दहानंतरही स्टिअरिंगवर असेल, तर दारूचा थेंबही न घेता तो या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत वाहन चालवत असतो. नाकाबंदीतील श्वासयंत्र मात्र त्याला निर्दोष ठरवते. मानवी शरीराच्या दैनंदिन लयीनुसार मध्यरात्र उलटल्यापासून पहाटेपर्यंत आणि पुन्हा दुपारच्या जेवणानंतर सावधपणा ओसरतो. या वेळी येणारी तीन-चार सेकंदांची डुलकी चालकाच्या स्वतःच्याही ध्यानात येत नाही, आणि ८०च्या वेगात तेवढ्या अवधीत गाडी जवळपास ९० मीटर निराधार धावलेली असते. खिडकी उघडणे, तंबाखू मळणे, चहा घेणे, मोठ्याने गाणी लावणे या उपायांनी झोप थोडी पुढे ढकलली जाते. झोपेची भरपाई फक्त झोपेनेच होते.

कायद्याने याची दखल फार पूर्वीच घेतली आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमाने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली, लांब पल्ल्याच्या वाहतुकीसाठी ती दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांपर्यंत वाढवण्याची मुभा दिली, पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि दोन दिवसांच्या कामामध्ये सलग नऊ तासांची मोकळीक बंधनकारक केली. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ९१व्या कलमाने हीच मर्यादा व्यावसायिक वाहनांच्या चालकांना लागू केली, आणि पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत १९६१ चा कायदा विलीन करण्यात आला. कागदावरची ही तरतूद जगातील कोणत्याही देशाच्या तोडीची आहे. युरोपीय संघात चालकाला दिवसाला साधारणपणे नऊ तास चालन करता येते आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटे थांबावे लागते. अमेरिकेत १४ तासांच्या कामात ११ तासांहून अधिक चालन करता येत नाही. फरक आहे तो नोंदीचा. युरोपात ट्रकमध्ये टॅकोग्राफ, म्हणजे वेग, चालनाचा आणि विश्रांतीचा काळ आपोआप नोंदवणारे उपकरण असते, अमेरिकेत २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र सक्तीचे झाले आहे, आणि रस्त्यावरचा अधिकारी ती नोंद तपासून जागेवर कारवाई करू शकतो. आपल्याकडे महामार्गावर ट्रक थांबवला जातो तेव्हा परवाना, विमा, पीयूसी आणि वजन पाहिले जाते. चालक सकाळपासून किती तास गाडीवर आहे हे तपासण्याचे साधन अधिकाऱ्यापाशी नसते.

त्यातही दोन मोठ्या फटी आहेत. पहिली अशी की १९६१ चा कायदा पाच किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होता, आणि भारतातील मालवाहतुकीचा मोठा भाग एक ते पाच गाड्या असणाऱ्या छोट्या मालकांच्या हाती आहे. ज्यांच्याकडे कर्जाचा हप्ता सर्वांत जड आणि बदली चालक ठेवण्याची ऐपत सर्वांत कमी, तेच देखरेखीच्या कक्षेबाहेर राहिले. दुसरी फट प्रतीक्षेच्या काळाची आहे. न्हावा शेवा बंदराच्या बाहेर, कारखान्यांच्या फाटकापाशी किंवा बाजार समितीच्या आवारात माल भरण्या-उतरवण्यासाठी ट्रक तासन्‌तास ताटकळतात. चालकाला रांग पुढे सरकेल म्हणून जागे राहावे लागते, पण ही जाग कामात धरली जात नाही. जुन्या कायद्याच्या व्याख्येतही टर्मिनलवर नुसते हजर राहण्याचा पंधरा मिनिटांपेक्षा कमी काळच कामाच्या तासांत मोजलेला होता. परिणामी दिवसभर रांगेत बसलेला चालक संध्याकाळी कागदोपत्री ‘ताजातवाना’ म्हणून रात्रीच्या प्रवासाला निघतो. यातच राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकवर किमान दोन चालक ठेवण्याची पूर्वीची अट २०१८ च्या दुरुस्तीने काढून टाकली गेली. खर्चाच्या दृष्टीने वाहतूकदारांना तो दिलासा होता; सुरक्षिततेच्या दृष्टीने ती माघार होती, असेच म्हणावे लागते. क्लीनरही हळूहळू कमी होत गेला, आणि त्याच्याबरोबर रात्री चालकाशी बोलणारे तोंड आणि गाडी मागे घेताना डावीकडे पाहणारा डोळा, दोन्ही गेले.

सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये दहा शहरांतील बाराशेहून अधिक ट्रकचालकांशी बोलून प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चालक दिवसाला सरासरी बारा तास गाडी चालवत असल्याचे आणि सुमारे निम्मे चालक थकवा किंवा झोप जाणवत असतानाही गाडी चालवत राहत असल्याचे आढळले. आपल्या घरातल्या कोणी या व्यवसायात यावे असे ८४ टक्के चालकांना वाटत नव्हते. या शेवटच्या आकड्याचे महत्त्व कमी लेखू नये. अनुभवी चालक टिकत नाहीत आणि नवे येत नाहीत, तेव्हा आहे त्यांच्यावरचा भार वाढतो आणि नव्याने भरती करताना निवडीला वाव उरत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, हे या दृष्टीने योग्य पाऊल आहे. विदर्भातल्या मे महिन्यात इंजिनाच्या उष्णतेशेजारी दहा तास बसणाऱ्या माणसाच्या बाबतीत वातानुकूलनाला चैन म्हणता येत नाही.

चालक न थांबता पुढे का जात राहतो, याचे उत्तर बहुतेकदा मोबदल्याच्या पद्धतीत सापडते. मासिक पगार कमी आणि फेरीमागे मिळणारा भत्ता मोठा असला की जितक्या फेऱ्या तितकी कमाई होते, आणि झोपेच्या प्रत्येक तासाची किंमत चालक स्वतःच्या खिशातून मोजतो. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमावलीतील दहाव्या कलमाने कापलेल्या अंतरावर किंवा वाहून नेलेल्या मालावर आधारलेला मोबदला, त्यामुळे रस्त्यावरील सुरक्षितता धोक्यात येत असेल तर, निषिद्ध ठरवला आहे. मायकेल बेल्झर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने ट्रकचालकांचे वेतन आणि अपघात यांचा संबंध दीर्घकाळ अभ्यासून, चांगले वेतन आणि प्रतीक्षेच्या काळाचा मोबदला मिळाला की अपघात कमी होतात, असे मांडले आहे. आपल्या वाहतूक धोरणाच्या चर्चेत वेतन हा विषय कामगार खात्याचा आणि अपघात हा विषय परिवहन खात्याचा मानला जातो. प्रत्यक्षात चालकाच्या पावतीवर ते दोन्ही एकाच ओळीत असतात.

घाटातील अपघातांमध्ये हा संबंध उघड दिसतो. अनेक मालक ठरावीक अंतरासाठी ठरावीक डिझेल देतात आणि वाचलेले डिझेल किंवा चांगला ‘ॲव्हरेज’ ही चालकाची वरकमाई होते. म्हणून उतार लागला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची, प्रसंगी इंजिनच बंद करण्याची सवय जडते. गिअरमध्ये असलेले इंजिन उतारावर गाडीला मागे ओढून धरते; न्यूट्रलमध्ये हा रोध नाहीसा होतो आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबलेले राहिले की ड्रम आणि लायनर तापतात, घर्षण घटते आणि पेडल दाबूनही वेग उतरत नाही. इंजिन बंद असेल तर हवेच्या ब्रेकला दाब पुरवणारा कॉम्प्रेसरही थांबतो आणि स्टिअरिंग जड होते. खंडाळा, कसारा, खंबाटकी, अनमोड, चोर्ला अशा घाटांत, किंवा कात्रजच्या नव्या बोगद्यापासून पुण्याच्या नवले पुलापर्यंतच्या दीर्घ उतारावर ‘ब्रेक फेल’ म्हणून नोंदल्या जाणाऱ्या घटनांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच नवले पुलाजवळ एका ट्रकने ४८ वाहनांना धडक दिली होती. उतारावर ज्या गिअरमध्ये चढण चढली त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुन्या चालकांचा नियम प्रशिक्षणात शिकवला जातो. पण डिझेल बचतीचे बक्षीस चालू ठेवून तो पाळला जाण्याची अपेक्षा करणे विसंगत आहे. ज्या ताफ्याला घाटातून जायचे आहे त्याने इंधन बचतीचे उद्दिष्ट सपाट रस्त्यापुरते मर्यादित ठेवावे, हा साधा उपाय आहे.

जादा भाराविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. त्याची हानी सर्वज्ञात आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्राने आसांवरील मान्य भार वाढवला, दोन आसांच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर आणि तीन आसांच्या ट्रकची २५ टनांवरून २८.५ टनांवर नेली. वाढीव मर्यादेमुळे जादा भार भरण्याचा मोह कमी होईल असे समर्थन त्यामागे होते. पुढच्याच वर्षीच्या दुरुस्तीने जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड ठरवला. कायद्याचे शब्द वाहन चालवणाऱ्याबरोबरच ते चालवायला लावणाऱ्यालाही लागू होतात. व्यवहारात मात्र हा दंड गाडीच्या बाजूनेच भरला जातो. ज्या खाणीवर, क्रशरवर किंवा गोदामात वजनकाटा असूनही जादा माल भरला गेला तेथपर्यंत चौकशी क्वचितच पोहोचते.

पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातील ऊस वाहतूक हे या विषयाचे सर्वांत दुर्लक्षित अंग आहे. दिवाळीच्या सुमारास गाळप हंगाम सुरू झाला की पुढचे चार-पाच महिने ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, बैलगाड्या आणि ट्रक रात्रंदिवस राज्यमार्गांवर असतात. ट्रॉलीच्या मागे दिवा नसतो, उसाच्या वाढ्यांनी रिफ्लेक्टर झाकलेले असतात, भार ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही अंगांना आलेला असतो आणि चढावर ट्रॅक्टर माणसाच्या चालीने सरकत असतो. मागून ६०च्या वेगाने येणाऱ्या दुचाकीस्वाराला तो अंधारात दिसतो तेव्हा थांबायला अंतर उरलेले नसते. वाहतुकीचा मोबदला टनावर आणि फेरीवर असल्याने चालक कारखान्याच्या गव्हाणीपासून फडापर्यंत आणि फडापासून पुन्हा गव्हाणीपर्यंत जमेल तितका धावतो, आणि मोठ्या आवाजातल्या गाण्यांमुळे मागचा हॉर्न त्याला ऐकू जात नाही. कारखाने हंगामाच्या आरंभी रिफ्लेक्टर वाटतात, पोलिस कार्यशाळा घेतात. हे प्रयत्न चांगले असले तरी वरवरचे आहेत. वाहनाशी करार कारखान्याचा, नंबर लावणारा कारखाना, वजन करणारा कारखाना आणि पैसे देणारा कारखाना अशी स्थिती असल्याने, मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली काट्यावर घेतली जाणार नाही एवढा एक नियम कारखान्याने पाळला तर दोन दिवसांत सर्व ट्रॉल्यांना दिवे लागतील. ऊस वाहतूक करणारी वाहने कोणाच्याही नावावर असली, तरी व्यवहारात तो कारखान्याचाच ताफा आहे.

प्रशिक्षणाच्या बाबतीत महाराष्ट्राकडे एक मोठी परंपरा आहे आणि तिच्याकडे पुरेसे पाहिले जात नाही. १ जून १९४८ रोजी अहमदनगर–पुणे मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या एसटीने आगार, वाहन परीक्षण, नव्या चालकाचे प्रशिक्षण, दरवर्षीची सुरक्षितता मोहीम आणि दीर्घकाळ विनाअपघात सेवा करणाऱ्या चालकांचा सत्कार अशी व्यवस्था दशकानुदशके उभी केली. १९६७ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मार्ग परिवहन संस्था भोसरीत आहे. खासगी वाहतुकीत याला समांतर असे काहीच उभे राहिले नाही. तेथे बहुतेक चालक क्लीनर म्हणून गाडीवर चढले आणि उस्तादाचे पाहून शिकले. हात त्यांचा अनेकदा उत्तम असतो. परंतु एबीएस असलेल्या गाडीत ब्रेक कसा लावायचा, माल बांधण्याचे बळ कसे मोजायचे, धोकादायक रसायनाचा टँकर उलटला तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचे, हे पाहून शिकता येत नाही. नवे तंत्रज्ञान तर जुन्या अनुभवालाच फसवे ठरवू शकते. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात बेस्टच्या सेवेतील, कंत्राटदाराकडून भाडेतत्त्वावर घेतलेल्या विजेवरील बसने गर्दीच्या रस्त्यावर वाहने आणि माणसे चिरडली, तेव्हा क्लच-गिअरच्या गाडीवरून स्वयंचलित गाडीवर आलेल्या चालकांना किती दिवसांचे प्रशिक्षण मिळते, हा प्रश्न पुढे आला. विजेवरील बस पहिल्याच क्षणी पूर्ण जोर लावते, इंजिनाचा आवाज नसल्याने वेगाचा अंदाज चुकतो, आणि डाव्या पायाला काम नसते. अशा गाडीसाठी वेगळे आणि प्रत्यक्ष देखरेखीखालचे प्रशिक्षण हवे. ताफा संस्थेचा आणि चालक कंत्राटदाराचा, या रचनेत ते देण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे करारात स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे.

यंत्रांवर सध्या मोठी भिस्त आहे. ऑक्टोबर २०१५ पासून बहुतेक नव्या व्यावसायिक वाहनांना वेगनियंत्रक बसवणे बंधनकारक आहे. त्याची मर्यादा सर्वसाधारणपणे ताशी ८० किलोमीटर, तर डंपर, टँकर आणि शाळेच्या बससाठी ६० आहे. परंतु पासिंगच्या दिवशी जोडलेला आणि दुसऱ्या दिवशी सोडवलेला वेगनियंत्रक हे वाहतूक व्यवसायातील उघड गुपित आहे. उपग्रहाधारित माग-यंत्रणा, चालकाच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवणारे कॅमेरे, पुढच्या वाहनाशी अंतर कमी झाल्यास इशारा देणारी साधने आता परवडू लागली आहेत. नागपूरमध्ये २०२१ पासून ‘आयरास्ते’ प्रकल्पात शहर बसगाड्यांवर अशी इशारा-यंत्रणा बसवून, कोणत्या ठिकाणी वारंवार इशारे मिळतात त्यावरून रस्त्यावरची धोक्याची ठिकाणे आधीच हेरण्याचा उपक्रम सुरू झाला. हा उपयोग विशेष मोलाचा वाटतो, कारण त्यात अपघात घडण्याची वाट पाहिली जात नाही आणि चालकाच्या माहितीचा फायदा रस्त्याच्या दुरुस्तीला होतो. याउलट तीच माहिती केवळ पगार कापण्यासाठी वापरली गेली की चालक कॅमेऱ्यावर फडके टाकतो. मालकाच्या पडद्यावर वेगाचा लाल दिवा लागतो आणि त्याच वेळी मालाचा मालक फोनवर ‘गाडी कुठपर्यंत आली’ म्हणून विचारत असतो. चालकाने त्या दोघांपैकी कोणाचे ऐकावे, हे यंत्र सांगू शकत नाही.

प्रवासी बसच्या बाबतीत अपघातानंतरच्या मिनिटांचा विचार वेगळा करावा लागतो. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी स्लीपर बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी होरपळून मरण पावले. बस डाव्या कुशीवर पडल्याने दार जमिनीखाली दबले गेले. चालकाने टायर फुटल्याचे सांगितले असले तरी परिवहन विभागाच्या अहवालाने त्याला दुजोरा दिला नाही. अपघाताचे कारण काहीही असो, खिडकीची काच फोडायचा हातोडा कोठे आहे, छतावरचे आणि मागचे आपत्कालीन दार उघडते का, आणि निघण्यापूर्वी हे प्रवाशांना कोणी सांगितले का, या तीन प्रश्नांची उत्तरे किती खासगी बसमालक देऊ शकतील, याची शंका आहे. त्याच महामार्गावर १५ ऑक्टोबर २०२३ रोजी वैजापूरजवळ थांबलेल्या ट्रकवर मागून मिनी बस आदळून बारा जण दगावले. वेगवान मार्गावर उभे वाहन हा चालत्या वाहनाइतकाच धोका असतो. परावर्तक त्रिकोण, मागचा संरक्षक दांडा आणि रस्त्याबाहेर थांबण्याची पुरेशी जागा या गोष्टी म्हणूनच गौण नाहीत. ७०१ किलोमीटरच्या मार्गावर चालकाने झोपायचे कोठे, हा प्रश्न रस्ता खुला होण्यापूर्वीच सुटायला हवा होता.

अपघातानंतर आपली व्यवस्था एकच काम तत्परतेने करते, आणि ते म्हणजे चालकावर गुन्हा नोंदवणे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघातानंतर खबर न देता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद आली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या आरंभी देशभर चालकांनी काम थांबवले, मनमाडजवळच्या पानेवाडीतील इंधन डेपोंमधून टँकर निघेनात आणि पंपांवर रांगा लागल्या. संहिता १ जुलै २०२४ रोजी लागू झाली तेव्हा हे उपकलम स्थगित ठेवण्यात आले. जखमीला सोडून पळणे अक्षम्य आहे, यात वाद नाही. परंतु जमावाच्या मारहाणीची भीती आणि मालकाने हात झटकण्याची खात्री असलेला माणूस तेथे का थांबत नाही, याचा विचार शिक्षेची वर्षे वाढवून होत नाही. चांगला ताफा चालवणारी संस्था अपघातानंतर कोण दोषी हे विचारण्याआधी काय घडले हे शोधते : चालकाचे मागील तीन दिवसांचे कामाचे तास, गाडीची शेवटची देखभाल, टायरचे वय, मार्गाची निवड, पोहोचण्याची दिलेली वेळ. रस्ते वाहतूक सुरक्षितता व्यवस्थापनासाठी २०१२ मध्ये आलेले आयएसओ ३९००१ हे आंतरराष्ट्रीय मानकही हेच अपेक्षित धरते. थोडक्यात चुकलेल्या अपघातांची नोंद ठेवणे आणि ती सांगणाऱ्या चालकाला शिक्षा न करणे, ही या व्यवस्थेची पहिली कसोटी आहे.

या क्षेत्रात जगात झालेले सर्वांत महत्त्वाचे पाऊल ऑस्ट्रेलियाच्या अवजड वाहन कायद्यात दिसते. तेथे ‘जबाबदारीची साखळी’ हे तत्त्व स्वीकारलेले आहे, म्हणजे माल पाठवणारा, भरणारा, वेळापत्रक आखणारा, गाडी पुरवणारा आणि माल घेणारा यांच्यापैकी ज्याच्या निर्णयामुळे चालकाला वेगमर्यादा किंवा विश्रांतीचे नियम मोडणे भाग पडते, तो प्रत्येक जण कायद्यापुढे उत्तरदायी ठरतो. भारतीय मोटार वाहन अधिनियमात असे तत्त्व आणणे हे पुढच्या दुरुस्तीचे मुख्य काम असायला हवे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते आणि रस्त्याची रचना, पोलिसांची उपस्थिती व तातडीचे वैद्यकीय साहाय्य यांवर एकत्रित काम झाल्यावर पुढील काही वर्षांत ते निम्म्याहून खाली आले. अपघात अटळ नसतात याचा हा जवळचा पुरावा आहे.

दुरुस्ती होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. महाराष्ट्रात वाहतूक सेवेचे सर्वांत मोठे ग्राहक स्वतःच सार्वजनिक किंवा सहकारी संस्था आहेत : साखर कारखाने, दूध संघ, महानगरपालिका, बेस्ट आणि एसटी, सार्वजनिक तेल कंपन्या. तेल कंपन्यांनी आपल्या टँकरसाठी वाहतूक शिस्तीची नियमावली करून, ती न पाळणाऱ्या गाडीला काळ्या यादीत टाकण्याची पद्धत पूर्वीच घातली आहे. इतर संस्थांनी आपल्या पुढच्या निविदेत चार अटी लिहाव्यात : चालकाच्या कामाच्या तासांची यंत्राद्वारे नोंद, रांगेतल्या प्रतीक्षेचा मोबदला, फेरीऐवजी मासिक वेतन, आणि आगारात किंवा कारखान्याच्या आवारात झोपायला स्वच्छ जागा. यांपैकी एकाही अटीसाठी विधिमंडळाची मंजुरी लागत नाही. संचालक मंडळाचा एक ठराव पुरेसा आहे, आणि तो यंदाच्या गाळप हंगामाआधी व्हावा.